कोल्हापुरात स्वस्तातलं लेबनीज पार्सल: काय घ्यावं, काय बघून घ्यावं?

रंकाळाकाठ: मंडळी, रविवारी संध्याकाळी पाचजण रंकाळ्यावर बसणार आहोत, त्यात दोघे शाकाहारी. राजारामपुरीतून लेबनीज पार्सल न्यायचा बेत आहे, माणशी दीडशेच्या आत. गाडी कशी पारखायची? आणि पोचेपर्यंत रोल ओला होऊ नये म्हणून काय करायचं?

खवय्या_शाहूपुरी: शोरमा, म्हणजे उभ्या सीखेवर भाजलेल्या मांसाचे पापुद्रे भरलेला रोल, घेणार असाल तर आधी सीख बघा, मेनूकार्ड नंतर. बर्नर चालू पाहिजे, मांसाचा बाहेरचा थर खरपूस तांबूस पाहिजे आणि सुरी पातळ पापुद्रे काढत असली पाहिजे. घोळ होतो तो रात्री आठ-नऊच्या गर्दीत. भाजलेला थर संपतो, पुढचा भाजायला वेळ मिळत नाही आणि सुरी आतल्या कच्च्या मांसापर्यंत जाते. म्हणून काढलेले तुकडे तव्यावर परतून द्यायला सांगा, चांगला गाडीवाला नाही म्हणत नाही. गाडी नुकतीच उघडलीय आणि सीख बारीक, वाळलेली दिसतेय, तर ती कालची असण्याची शंका घ्या आणि सरळ पुढं चला.

दुसरी गोष्ट मेयोनीज. कच्च्या अंड्याचं असेल तर साल्मोनेलाची, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूंची भीती असते, उन्हाळ्यात जास्तच. केरळनं 2023 मध्ये, तेलंगणानं 2024 मध्ये आणि तमिळनाडूनं 2025 मध्ये त्यावर बंदी घातली ती याचसाठी. चिकन शोरम्याची मूळची जोड म्हणजे तूम: लसूण, तेल, लिंबू, मीठ, बस्स. अंडं नाहीच. ते मिळत असेल तर तेच मागा.

तीळगूळ: शाकाहारींसाठी फलाफल, म्हणजे काबुली चण्यांचे तळलेले वडे. एक मोडून बघा. आत हिरवट, रवाळ आणि मोकळं पाहिजे. चिकट लगदा निघाला तर चणे उकडून घेतलेत किंवा मैदा-बेसन जास्त झालंय. काबुली चणे रात्रभर नुसते भिजवून कच्चेच भरड वाटायचे असतात. उकडले की गोळा तेलात फुटतो, मग तो सांधायला पीठ घालतात. आधी तळून ठेवलेले घेऊ नका, समोर तळून घ्या. तेल आणि तवा वेगळा आहे का, हे शाकाहारींनी तोंडानं विचारावं.

हमस, म्हणजे काबुली चण्यांची मऊ चटणी, मात्र विकत घेऊ नका, इवल्याशा वाटीला पैसे फार जातात. पाव किलो काबुली चणे भिजवून, चिमूटभर सोडा घालून मऊ शिजवा, शंभर ग्रॅम ताहिनी (तिळाची पातळ पेस्ट), दोन लिंबं, दोन लसूण पाकळ्या, मीठ. वाटताना बर्फाचं पाणी चमचा-चमचा घाला, रंग उजळतो आणि हमस हलकं होतं. पाचजणांना पुरून उरेल.

पेठकर: पार्सलचं सांगतो. सॉस, लोणचं आणि कोबी वेगळं बांधून घ्या. गरम रोल प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधला की वाफेचं पाणी होतं आणि पाव खालून फाटतो. कागदात गुंडाळून एक टोक उघडं ठेवा. राजारामपुरीतून रंकाळा पंधरा-वीस मिनिटं, तेवढं टिकतं. तासाभरात संपवा, उरलेला रोल सकाळी खायचा नाही.

आणि कृपा करून केचप, शेजवान घालायला लावू नका. आपल्याला पहिल्या घासाला सपक वाटतं, कारण या जेवणात तिखट नाही, आंबट आणि लसूण आहे. लिंबू पिळा, लोणच्याच्या काकड्या जास्त मागा. तिखट हवंच असेल तर तळलेली मिरची बाजूला घ्या.

रंकाळाकाठ: लई भारी. तीन शोरमा, दोन फलाफल रोल आणि हमस घरचं, ठरलं. पण ताहिनी आणायची कुठून?

तीळगूळ: लक्ष्मीपुरीतून पॉलिशचे पांढरे तीळ आणा. शंभर ग्रॅम मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत परता, रंग बदलू देऊ नका, लाल झाले की कडवट होतात. गार झाल्यावर मिक्सरला लावा, मधे मधे कडा खरवडा, दोन-तीन चमचे बिनवासाचं तेल घाला. धार पडेल इतकं पातळ झालं की झाली ताहिनी.