वस्ती बदलली म्हणजे बिघडली का?

'बाहेरचे लोक राहायला आले आणि वस्ती असुरक्षित झाली' हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं मला पटत नाही. रात्री एकटीनं घरी परततानाची भीती खरी आहे, ती मीही ओळखते. पण तिचं कारण भलतीकडेच शोधलं जातंय.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारीच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासून १९४२ साली निष्कर्ष मांडले. शहराच्या मध्याजवळच्या जुन्या वस्त्यांत जर्मन-आयरिश जाऊन पोलिश-इटालियन आले, रहिवासी बदलत राहिले, तरी गुन्ह्यांचं प्रमाण तिथे चढंच राहिलं. तेच समाज बऱ्या भागात गेल्यावर त्यांच्या मुलांमधलं प्रमाण मात्र उतरलं! पुढे १९९७ मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतल्याच ३४३ वस्त्या अभ्यासल्या. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि पोरांच्या भांडणात मध्ये पडायची तयारी होती, तिथे हिंसा कमी होती.

भाडेकरू सतत बदलत असतील तर हा विश्वास रुजत नाही, हेही खरं. म्हणूनच नव्यांच्या येण्यापेक्षा त्यांना टिकू न देणारी भाडेवाढ मला जास्त धोक्याची वाटते. आणि कागदपत्रं विचारली जातील या धास्तीनं पोलिसांकडे जायला घाबरणारा शेजारी लुटला गेला, तरी गप्प बसतो. लुटणारा मात्र त्याच गल्लीत मोकळा फिरत राहतो.