डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरला त्रिकोणमिती कशाला? माझा विरोध आहे

गुण्या-ओळंबा:
मी फॅब्रिकेशनवाला. बावीस वर्षं पत्र्याची शेडं उभी करतोय, शिरोलीपासून कागलपर्यंत. पोरगा मराठी माध्यमातून दहावीला ७८ टक्के पाडून पास झाला, त्याला मेकॅनिकल डिप्लोमाला घातला. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. बाकी सगळं सुटलं, गणितात केटी, म्हणजे नापास, पेपर परत द्यायचा. ७० पैकी १९. नेमकं कुठं अडलं विचारलं तर म्हणतो, लॉगॅरिदम जमलं, मॅट्रिक्स जमलं, त्रिकोणमितीनं मारलं.

वही घेऊन बसलो. चार पानं नुसती सूत्रं. पुढं सगळी गणितं 'सिद्ध करा'. म्हटलं, साइन म्हणजे काय ते सांग. पटकन म्हणाला, "संमुख बाजू भागिले कर्ण." बरोबर. मग वहीत हे साइन १५० अंश लिहिलंय, ते दाखव. काटकोन त्रिकोणात ९० अंश एका कोपऱ्यात गेले, मग १५० चा कोन बसवणार कुठं? पोरगा गप्प. मलाही ठाऊक नाही, पण मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. ह्यानं पाच महिने फी भरून शिकलंय.

आता माझं सांगतो. ३० फूट गाळ्याची शेड, उतार पाचास एक. म्हणजे मध्यापर्यंत १५ फूट, चढ ३ फूट. फरशीवर खडूनं पूर्ण मापाचा त्रिकोण काढतो, गुण्या लावतो, टेप टाकतो. १५ फूट साडेतीन इंच आणि वर किंचित. कापायचं. एकही शेड वाकडं नाही झालं. म्हणून म्हणतो, हा भाग पहिल्या सेमिस्टरमधून काढा, ज्याला पुढं डिग्री करायचीय त्यालाच ठेवा. बाकीच्या पोरांचं वर्ष का नासवता?

टूलरूमवाला:
दादा, एक बारीक दुरुस्ती. तुम्ही जे केलं ते पायथागोरस. १५ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. त्यात साइन-कॉस आलंच नाही. त्यामुळे 'माझं त्रिकोणमितीवाचून अडलं नाही' हा पुरावा इथं लागू होत नाही. :)

आमच्याकडे काय होतं ते बघा. फिक्स्चरला (जॉब पकडून ठेवायच्या साच्याला) साडेबारा अंशाचा उतार तपासायचाय. अंश मोजायच्या कोनमापकावर आमच्या कामात कुणी विसंबत नाही. आम्ही साइन बार वापरतो. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) दोन रोलरची पट्टी, रोलरच्या मध्यांतलं अंतर बरोबर २०० मिलिमीटर. एका रोलरखाली स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) रचायचे. किती उंचीचे? २०० गुणिले साइन साडेबारा, ४३.२८८. मग डब्यातून १.००८, १.२८, १ आणि ४० असे चार तुकडे काढायचे, पुसायचे, एकमेकांवर घासून चिकटवायचे, पट्टी त्यावर टेकवायची. वर जॉब ठेवून त्यावरून डायल (बारीक उंचसखल काट्यावर दाखवणारं मापक) फिरवायचा. काटा हलला नाही तर उतार बरोबर. ह्या सगळ्यात अंश कुठं मोजलाच नाही, फक्त लांबी मोजली. तुमच्या पोराला टूलरूममध्ये उभं राहायचं असेल तर पहिल्या आठवड्यात हे पुढ्यात येणार.

अजून एक. १०० मिलिमीटरच्या पीसीडीवर (होलच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) सारख्या अंतरानं पाच होल मारायची असतील तर डिव्हायडर कितीवर उघडाल? खडूनं आखून बघा, मग साइन ३६ अंश गुणिले १०० करून बघा. ५८.७८ येतं. खडूची रेघच अर्ध्या मिलिमीटरहून जाड असते.

गुण्या-ओळंबा:
साहेब, साइन बार मान्य. पण त्यासाठी एक गुणाकार लागला आणि कॅल्क्युलेटर लागला. परीक्षेत तर कॅल्क्युलेटर चालतो म्हणतात. मग 'सिद्ध करा'ची चार पानं कशासाठी? साइन बारवर कोण काय सिद्ध करतं?

माजी_केटीधारक:
गुण्यादादांना पूर्ण पाठिंबा. मी सिव्हिल डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर डिग्री, आता पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात. गणिताची केटी दुसऱ्या फटक्यात सुटली आणि कशी सुटली ते खरं सांगते. क्लासच्या सरांनी अकरा 'आयएमपी', म्हणजे हमखास येणारे प्रश्न, दिले. पाठ केले. त्यातले सहा आले. काहीही कळलं नव्हतं. 'साइन अधिक साइन म्हणजे दोन साइन कॉस' हे मी स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या आजीला ऐकवून पाठ केलं होतं. शेवटी तिलाही पाठ झालं.

आज सॉफ्टवेअर फोर्सेस काढून देतं. मी आकडा बघते आणि बरोबर वाटतो का ठरवते. ती नजर साइटवर येऊन-जाऊन आली, त्या अकरा आयएमपींतून नाही.

टूलरूमवाला:
ताई, सॉफ्टवेअरचा आकडा 'बरोबर वाटतो' हे तुम्हाला कळतं कशावरून? उताराच्या मेंबरमधल्या (तिरक्या दांड्यातल्या) फोर्सचा आडवा भाग आणि उभा भाग मनातल्या मनात वेगळा करता म्हणून. ते कॉस आणि साइनच आहे. पाठ केलेलं विसरलात, पण मुरलेलं राहिलं.

माजी_केटीधारक:
मुरलं ते अप्लाइड मेकॅनिक्सच्या सरांमुळे. त्यांनी बाक तिरका करून त्यावर डस्टर ठेवला होता आणि विचारलं होतं, कधी घसरेल? गणिताच्या तासाला डस्टर फक्त फळा पुसायला होता.

फळा-खडू:
मी पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवतो, बरीच वर्षं झाली. दोन्ही बाजूंशी माझं भांडण आहे.

आधी गुण्यादादांनी चिरंजीवांना विचारलेला साइन १५० चा प्रश्न, कारण तो ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि वर्षभरात वर्गात एखाददुसराच विचारतो. शाळेत नववी-दहावीला त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणात शिकवतात, म्हणजे ९० पर्यंत. आमच्याकडे आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या तासाला फळ्यावर साइन १५० येतं. मधली पायरी कोणीच नीट दाखवत नाही. मी धरून. साठ पोरं, अभ्यासक्रम पळवायचा, 'ऑल सिल्व्हर टी कप्स' (वर्तुळाच्या कुठल्या चौथाईत काय अधिक, ते लक्षात ठेवायची युक्ती) सांगायचं आणि पुढं जायचं.

मधली पायरी अशी. दादा, तुमच्या फरशीवरच करा. एक खिळा ठोका, त्याला एक फूट दोरी, टोकाला खडू. खिळ्यातून एक आडवी रेघ ओढा. दोरी उजवीकडे आडवी धरून सुरुवात करा आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. ३० अंशांवर थांबा. खडू आडव्या रेघेच्या किती वर आहे? सहा इंच, अर्धा फूट. हेच साइन ३०. खिळ्यापासून किती उजवीकडे आहे, ते कॉस. आता दोरी फिरवत फिरवत १५० वर न्या. खडू पुन्हा सहा इंचच वर आहे, म्हणून साइन १५० सुद्धा अर्धा. पण आता तो खिळ्याच्या डावीकडे गेलाय, म्हणून कॉस उणे. त्रिकोण विसरा, दोरी धरा. इंजिनाचा क्रँक पूर्ण ३६० फिरतो, तो काय ९० ला थांबतो?

आता माझी तक्रार. 'काढून टाका' म्हणणाऱ्यांनी सांगावं, पुढच्या वर्षी थिअरी ऑफ मशीन्सला क्रँक कसा शिकवू? इलेक्ट्रिकलवाल्यांना पॉवर फॅक्टर कसा सांगू? तो कॉस फायच आहे, फाय म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्यातला कोन. आणि टूलरूमवाल्यांना विनंती, आमच्या पेपरात साइन बार नसतो हेही कबूल करा.

गुण्या-ओळंबा:
सर, दोरीचं पटलं. कुणी आधी का नाही सांगितलं, हाच राग आहे.

कोनाडा:
मध्येच नाक खुपसतो. 'साइन' हा शब्द मुळात आपल्या 'ज्या'चा बिघडलेला अवतार आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. ज्या, जीवा हे अरबीत जिबा झालं. अरबीत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पुढं ते 'जैब' असं वाचलं गेलं, म्हणजे कपड्याचा गळा, खोळ. लॅटिनवाल्यांनी त्याचं भाषांतर सायनस केलं. फळा-खडू सरांची दोरी खऱ्या अर्थानं मूळपदावर आली.

आणि रेडियन (कोन मोजायचं अंशाऐवजीचं माप) बघून पोरं घाबरतात, त्यांच्यासाठी. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या ग्रंथात ज्यांचं कोष्टक दिलं. पाव वर्तुळाचे २४ भाग, प्रत्येक भाग २२५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्रिज्या किती धरली? ३४३८. हा विचित्र आकडा कशाला? अख्ख्या वर्तुळाच्या २१,६०० कला. तेवढाच परिघ धरला तर त्रिज्या सुमारे ३४३८ येते. म्हणजे कोन आणि लांबी एकाच मापात. रेडियनची कल्पना ह्याहून वेगळी नाही. पहिल्या भागाची ज्या २२५ च येते, मग फरक २२४, २२२, २१९ असे घटत जातात. 'मखि भखि फखि धखि' असा तो श्लोक आहे, हेच आकडे अक्षरांत. घोकंपट्टी तेव्हाही होतीच म्हणा.

माजी_केटीधारक:
कोनाडाकाका, छान माहिती. पण इतिहासानं केटी सुटत नाही.

कोनाडा:
आयएमपीनं तरी कुठं सुटली, पहिल्या फटक्यात?

शंकूसाखळी:
जमीन मोजणीतला माणूस आहे, निवृत्तीला दोन वर्षं. आम्ही साखळी ओढलीय, प्लेन टेबल मांडलंय, आता टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि रोव्हर (उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र). बटण दाबलं की निर्देशांक. नवीन पोरांना साइन-कॉसचं कोष्टक उघडावं लागत नाही आणि माझ्या मते लागूही नये. गुण्यादादा तेवढ्यापुरते बरोबर आहेत.

पण एक किस्सा. एका ठिकाणी नवीन पोरानं भाड्याचं यंत्र लावलं. शेताचा कोपरा डोळ्यांना सरळ काटकोनात दिसत होता आणि यंत्र १०० दाखवत होतं. तो म्हणाला, "बांध सरकलाय." शेतकरी तिथंच भावाच्या अंगावर धावला. मी सेटिंग बघितलं. यंत्र अंशांत नव्हतं, गॉनमध्ये होतं. त्यात काटकोन १०० चाच असतो. दोन भावांची डोकी फुटायची राहिली.

फळा-खडू:
हेच आमच्याकडे कॅल्क्युलेटरवर होतं. रेडियन मोडमध्ये राहिला की साइन ३० उणे ०.९८८ येतं. अर्धा वर्ग तेच उत्तरपत्रिकेत लिहितो. ३० अंशांवर खडू रेघेखाली गेलाच कसा, हे कुणाच्या मनात येत नाही. म्हणून मी म्हणतो, कोर्स ठेवा. चार सूत्रं कमी करा, पहिले सहा तास दोरीला द्या.

गुण्या-ओळंबा:
काल रविवारी केलं. खिळा, दोरी, खडू. पोरानं स्वतः १५० ला थांबून टेप लावला. सहा इंच आले तर परत लावला. मग २१० ला गेला, म्हणाला, "पप्पा, हे खाली सहा." मी काही बोललो नाही, त्याच्या आईनं अंगणात रेघोट्या केल्या म्हणून दोघांना झापलं.

तरी माझं मत अजून अर्धं तसंच आहे. त्या वहीत एक फॅक्टरायझेशन (बेरजेचा गुणाकार करायचा) आणि एक डीफॅक्टरायझेशन (गुणाकाराची बेरीज करायची) आहे. साइन अधिक साइन, तेच भाकरीवालं. हे तरी खरंच कुठं लागतं का, की नुसतं पेपर भरायला?

टूलरूमवाला:
शेजारी दोन ब्लोअर किंवा दोन कॉम्प्रेसर जवळजवळ सारख्या वेगानं चालू असले की आवाज एकसारखा येत नाही. घूंऽऽ करून चढतो, उतरतो, परत चढतो. ऐकलंय का? दोन साइनची बेरीज म्हणजे सरासरी वेगाची एक साइन, गुणिले दोघांच्या फरकाच्या निम्म्या वेगानं हलणारा कॉस. तो चढउतार म्हणजे तो कॉस. दोघांचा वेग अगदी सारखा केला की चढउतार थांबतो.

गुण्या-ओळंबा:
पलीकडच्या फाउंड्रीत दोन ब्लोअर आहेत, रात्रीचे अस्संच करतात. आम्हाला वाटायचं लाइट कमी-जास्त होतीय.

माजी_केटीधारक:
ब्लोअर ऐकवा त्याला, जरूर ऐकवा. पण दादा, केटीच्या पेपरात ब्लोअर येणार नाही. ते अकरा आयएमपी हवे असतील तर सांगा, माझी जुनी वही अजून माळ्यावर आहे.

गुण्या-ओळंबा:
पाठवा ताई. फॉर्म भरलाय.