राखेच्या विटांचं बांधकाम: तुमचे अनुभव लिहा

गावी घर बांधायला घेतलंय. इंजिनियर म्हणतात फ्लाय अ‍ॅश म्हणजे औष्णिक केंद्राच्या राखेची वीट घ्या, गवंडी म्हणतो लाल वीटच बरी. ज्यांनी राखेच्या विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती उभ्या केल्यात त्यांनी कृपया लिहा. बरं-वाईट दोन्ही.

परळी वैजनाथहून
औष्णिक केंद्राची राख आम्ही लहानपणापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर बघितली. म्हणून आईच आधी नको म्हणाली. तरी बांधलं. विटा सगळ्या एका मापाच्या, २३० बाय ११० बाय ७५ मिमी, कडा सरळ. त्यामुळे गिलाव्याला माल कमी लागला. चूक पहिल्याच दिवशी झाली. लाल विटेच्या सवयीने बिगाऱ्यांनी विटा रात्रभर टाकीत टाकल्या. सकाळी थर रचायला घेतले तर वीट मालावर बसेचना, बोट लावलं की सरकायची. पाचव्या थराला ओळंबा सोडला आणि भिंतीला पोट आलेलं दिसलं. तीन थर उतरवले. नंतर रचण्याआधी नुसतं पाणी शिंपडत गेलो.

विटांचं युनिट आहे, चंद्रपूर
गिऱ्हाईक ट्रक घेऊनच येतो, आजच भरा म्हणतो. ही वीट भट्टीत भाजत नाहीत. राख आणि चुन्याची प्रक्रिया ओलाव्यात, सावकाश होते, म्हणून आम्ही २१ दिवस पाणी मारतो. घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, आवाज खणखणीत यायला हवा. नखाने भुकटी निघाली तर परत पाठवा, संकोच करू नका.

नाशिक
कॉलम आणि भिंत जिथे मिळते तिथे वरपासून खालपर्यंत चीर. सांध्यावर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) न मारताच गिलावा केला होता. पट्टा फोडून, जाळी ठोकून पुन्हा केला. दोन पावसाळे झाले, चीर नाही.

पुणे
जुन्या घरावर मजला चढवायचा होता. "राखेची वीट हलकी" असं ऐकून तीच घेणार होतो. हलका असतो तो एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेला काँक्रीटचा ठोकळा. त्यातही राख असते म्हणून गल्लत होते. ब्लॉक घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो भरतो, दाबून केलेली राखेची वीट लाल विटेइतकीच जड. ब्लॉक घेतले. पण स्वयंपाकघरातलं कपाट साध्या रावलप्लगवर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची प्लास्टिकची खुंटी) टांगलं आणि आठवड्यात सैल झालं. ब्लॉकसाठी वेगळे, लांब अँकर मिळतात, तेच वापरा.

गवंडीकाम करतो, लातूर
मालक म्हणतात सिमेंट वाढव, भिंत मजबूत होईल. कडक मालाने उलट चिरा पडतात. नऊ इंची भिंतीला मी १:६ चाच (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) माल धरतो. दिवसात चार फुटांवर चढवत नाही, कितीही घाई असू द्या. आणि बाजाराच्या दिवशी आमची माणसं कामावर नसतात. त्या दिवशी भिंतीवर पाणी मारायला नळी तुम्ही हातात घ्या.