आपला संघ मुलांच्या गळ्यात मारावा का?

विश्रामबागकर

२००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा सांगलीच्या माणसाने कोणाचा कैवार घ्यावा, याचा फारसा विचार करावा लागत नव्हता. पुण्याला संघच नव्हता. २०११ मध्ये आला तो तीन हंगामांत गुंडाळला गेला आणि २०१६ मध्ये दुसरा आला तो दोनच वर्षांसाठी. मी मुंबईचा झालो, आणि २०१५ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याला न विचारताच तोही मुंबईचा झाला. २०१९ च्या अंतिम सामन्यात मलिंगाने शेवटच्या चेंडूवर शार्दूल ठाकूरला पायचीत केले आणि मुंबई एका धावेने जिंकली, तेव्हा चार वर्षांचा हा मुलगा माझ्या खांद्यावर बसून ओरडत होता. तो आनंद मी त्याला दिला, याचे मला आजही समाधान आहे.

मात्र मुंबईबरोबर मी त्याला चेन्नईचा रागही दिला. गेल्या वाढदिवसाला शेजारचा त्याचा मित्र चेन्नईची पिवळी जर्सी घालून आला आणि आमच्या चिरंजीवांनी दारातच जाहीर केले की या रंगाला आज केक मिळणार नाही. मोठी माणसे हसली, मीही हसलो. तो मुलगा काही न बोलता घरी गेला आणि पाच मिनिटांनी शाळेचा पांढरा शर्ट घालून परत आला. त्या शर्टाकडे पाहिल्यापासून मला प्रश्न पडला आहे की संघ वारशाने द्यावा का, आणि दिलाच तर त्याचे वैरही द्यावे का. आपले मत काय?

पेठेतला फुटबॉल

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली बारा वर्षे नोकरीनिमित्त सांगलीत आहे, आणि माझे उत्तर दोन्ही प्रश्नांना ‘होय’ असे आहे. आमच्याकडे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार ही फुटबॉल संघांची नावे मुलाला निवडावी लागत नाहीत. तो ज्या पेठेत जन्मतो तिथली तालीम त्याची होते. वडिलांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाहू स्टेडियमवर नेले तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, पण समोरच्या कोणत्या रंगाकडे पाहून नाक मुरडायचे, हे पक्के ठाऊक होते. गल्लीतल्या संघांचा सामना पाहायला हजारो माणसे उन्हात बसतात, ती त्या ईर्ष्येपायीच बसतात. ईर्ष्या काढून घ्या, मैदान ओस पडेल.

शिवाय, निवड मोकळी सोडली म्हणजे मूल विचार करून निवडते, हा गोड गैरसमज आहे. ते त्या वर्षी जिंकणाऱ्याकडे जाते आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे. हरणाऱ्या संघाबरोबर टिकून राहण्याची सवय घरूनच लागते. तुमच्या प्रसंगात चूक वैराची नाही, तुमची आहे. दारात आलेल्या प्रतिस्पर्ध्याला केकचा पहिला तुकडा द्यायचा आणि मग त्याची मनसोक्त खेचायची, हे तुम्ही मुलाला शिकवले नाहीत.

मार्केट यार्ड

सांगलीत राहून पिवळ्या रंगाचा द्वेष करणाऱ्याने हळदीच्या सौद्याला येऊ नये, एवढीच विनंती. आणि २०२४ मध्ये त्या पिवळ्या संघाचे कर्णधारपद पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे गेले, हेही चिरंजीवांच्या कानावर घालावे.

निवृत्त मास्तरीण

‘जन्मतो तिथला संघ त्याचा’ हे वाक्य मला खटकले, आणि त्याचे कारण आपल्याच गावचे आहे. क्रिकेटपटू विजय हजारे यांचा जन्म १९१५ चा, सांगलीचा. त्यांच्या उमेदीच्या काळात मुंबईत पंचरंगी सामने भरत, ज्यात युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि ‘इतर’ असे धर्मावर बेतलेले संघ असत. हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ते ‘इतर’ संघात खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’च्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली आणि तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. एवढे करूनही सामना डावाने गेला.

त्या स्पर्धेला गर्दी लोटत असे, ईर्ष्याही भरपूर होती. तरीही गांधीजींनी १९४० मध्ये तिला उघड विरोध केला आणि १९४६ मध्ये ती बंद पडली, कारण खेळाची ईर्ष्या मैदानाबाहेर कोठवर जाईल याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. जर्सीची तुलना धर्माशी करणे ताणलेले आहे, हे मी जाणते. पण दारातल्या मुलाला रंगावरून केक नाकारला गेला, हा त्याच कुळातला प्रकार आहे.

पेठेतला फुटबॉल

बाई, आपला आदर राखून सांगतो की तुलना ताणलेली नाही, तुटलेली आहे. धर्म बदलणे आणि संघ बदलणे यांत जे अंतर आहे, त्यातच तर खेळाची सगळी गंमत आहे. हे वैर खोटे आहे हे दोघांनाही माहीत असते, म्हणून ते जोरात करता येते.

निवृत्त मास्तरीण

दोघांनाही माहीत असते, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाबाबत आपण कशावरून म्हणता? पांढरा शर्ट घालून आलेल्या मुलाला ते माहीत असल्याचे मला दिसत नाही.

माधवनगरची आई

आमच्याकडे वारसा उलटा चालला आहे. मुलगी क्रिकेट शिकते आणि तिच्या दृष्टीने स्मृती मानधना सांगलीची, म्हणजे ती खेळते तो बेंगळुरूचा संघही सांगलीचाच. २०२४ मध्ये महिलांच्या स्पर्धेत बेंगळुरूने बाद फेरीत मुंबईला पाच धावांनी हरवले तेव्हा मुंबईचे कट्टर असलेले तिचे वडील शेवटच्या षटकात उठून स्वयंपाकघरात गेले, कारण टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात हे त्यांना ठरवता येईना. दोनच दिवसांनी बेंगळुरूने विजेतेपद मिळवले आणि त्या रात्री त्यांनीच पेढे आणले. मुलीला एक संघ देण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही, तरी एका खेळाडूवरचा तिचा जीव पाहता टिकून राहण्याची सवय घरूनच लागते, हे मला पटत नाही.

विश्रामबागकर

पेठेतल्या मित्रांनी माझी चूक दाखवली, ती मान्य आहे. मात्र ‘खोटे वैर’ या शब्दांवर मी अडलो. २०२४ च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली, कारण रोहितचे कर्णधारपद त्याला दिले होते. घरात बसून मीही त्या सुरात सूर मिसळला आणि मुलाने माझ्या मागोमाग. जूनच्या अखेरीस विश्वचषकाचे शेवटचे षटक त्याच हार्दिकने टाकले आणि मी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. मुलाने एवढेच विचारले, “बाबा, आता तो आपला आहे का?” माझे वैर खरेच खोटे होते, पण हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

मुंबई मी त्याच्याकडून परत घेणार नाही. घेता येणारही नाही. यंदा मुंबई-चेन्नई सामन्याला शेजारच्या मुलाला पिवळ्या जर्सीतच बोलावले होते, आणि ज्याचा संघ हरेल त्याने पुढच्या सामन्याला भडंग आणायची असे ठरले आहे. चिडवाचिडवी भरपूर झाली, मीही त्यात होतो.

पेठेतला फुटबॉल

आता जमले. फक्त कांदा आणि लिंबू आधी मिसळू नका, आयत्या वेळी घाला. दहाव्या षटकापर्यंत भडंग मऊ पडते.