आधी पाऊल मोजा, मग टाके घाला

माई (ए-२०१): सगळ्यांना नमस्कार. आज कोहरा (दाट धुकं) काही उठायचं नाव घेत नाही, तेव्हा गच्चीऐवजी ३ वाजता माझ्याकडे या. सुया-लोकर आपापली आणा, चहा माझ्याकडे. एक गोष्ट बोलायची आहे. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनाही कळावी म्हणून इथेच लिहिते.

पहाटे साडेपाचला दूध आणायला खाली उतरले. फाटकापाशी शेकोटी पेटलेली, रात्रपाळीचे चौकीदार भैया बूट काढून पाय शेकत होते. पायात आपण त्यांच्यासाठी विणलेले निळे मोजे. मला बघून त्यांनी कौतुकानं पाय पुढे केला, म्हणाले, "माताजी, बहुत गरम हैं." माझं लक्ष मात्र टाचेकडे गेलं. मोज्याची टाच घोट्यापर्यंत वर चढलेली आणि तिथे लोकरीची पिशवी झालेली. पुढे चवड्याशी दोन बोटं मोजा जास्तीचा, तो त्यांनी दुमडून अंगठ्याखाली दाबला होता. त्या घडीचा लाल वळ कातडीवर उमटला होता. असा पाय बुटात घालून ते रात्रभर आपल्या चार इमारतींना फेऱ्या मारतात. तक्रारीचा एक शब्द नाही. मला घरी येऊन चहा गेला नाही.

वहिनी (बी-१०४): माई, ते माझे आहेत. आमच्या ह्यांच्या मापाने केले, ह्यांचा बूट ९ नंबरचा. भैया उंच आहेत, मला वाटलं त्यांचाही तेवढाच असेल. फार वाईट वाटलं वाचून.

माई (ए-२०१): वाईट वाटून घेऊ नकोस ग. तुझी वीण इतकी एकसारखी आहे की कुठे बोट ठेवायला जागा नाही. सगळे एकाच मापाचे करा म्हणजे थंडीच्या आत होतील, असं मीच सांगितलं होतं. ते चुकलं. स्वेटर दोन बोटं सैल झाला तरी माणूस घालतो. मोजा तसा नसतो, त्यावर अंगाचा सगळा भार येतो. म्हणून यापुढे ज्याच्यासाठी मोजे, त्याचं पाऊल मोजल्याशिवाय टाके घालायचे नाहीत.

सचिव काका (डी-१०१): माई, भावना समजली. पण मेळा सुरूच आहे, तिथे तयार मोजे ढिगाने मिळतात. सोसायटीतर्फे सगळ्यांना दोन-दोन जोड आणून देतो. तुमचे डोळे आणि वेळ दोन्ही वाचतील.

माई (ए-२०१): काका, जरूर आणा. एक जोड धुतला की दुसरा घालायला हवाच. पण भैया शेकोटीपाशी बसतात. स्वस्तातले मोजे बहुतेक ॲक्रिलिकचे नाहीतर नायलॉनचे. ठिणगी पडली तर ते वितळतात आणि कातडीला चिकटतात. खरी लोकर तशी भडकत नाही, काळी पडून विझते. विकत आणलेले आतल्या खोलीत घाला म्हणावं, फाटकावर आपले.

ताई (सी-३०३): खरी लोकर ओळखायची कशी? दुकानदार सगळ्यालाच प्युअर म्हणतो.

माई (ए-२०१): चार बोटं धागा तोडून चिमट्यात धर आणि काडी लाव. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. टोकाला काळा कडक मणी झाला आणि प्लॅस्टिकचा वास आला तर ॲक्रिलिक. मिश्रण असेल तर थोडं दोन्ही. मोरीत कर, पडद्याजवळ नको.

ताई (सी-३०३): आणि पाऊल मोजायचं कसं? नुसती लांबी?

माई (ए-२०१): लांबी आणि घेर दोन्ही. वर्तमानपत्रावर उभं करायचं, बसलेल्या माणसाचं माप घ्यायचं नाही, कारण उभं राहिलं की पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ धरून कडा काढायची. मग चवड्याचा सगळ्यात रुंद भाग टेपने मोजायचा. दोन्ही पाय, कारण डावा-उजवा क्वचितच सारखा असतो.

आता हिशोब. आपली ४ प्लायची (चार पदरी) लोकर १२ नंबरच्या सुयांवर साधारण १० सेंटीमीटरला २८ टाके देते. (नवीन मुलींनो, आपल्याकडच्या सुयांचा नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. १० नंबर घेतलीत तर मोजा जाळीदार होईल.) घेर २३ सेंटीमीटर असेल तर ६४ टाके येतात. तेवढे घालू नका. मोजा पायापेक्षा दहाव्या हिश्श्याने लहान हवा, ताणून बसला तरच जागेवर राहतो. म्हणजे ५६ टाके. पोटरीला २ सुलट २ उलट, खाली साधी वीण.

टाचेला निम्मे, म्हणजे २८ टाके घेऊन २८ ओळी पुढे-मागे. सुलट बाजूला एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा. त्याने टाच दुहेरी जाड होते. मग टाच वळवताना मधल्या टाक्यांवर पुढे-मागे जात दर ओळीत कडेचा एक टाका जोडत जायचं, १६ उरतात. दोन्ही कडांवरून १४-१४ उचला, वरच्या पावलाचे २८ आहेतच. एकूण ७२. ते एका आड एक फेरीत दोन-दोन कमी करत परत ५६ वर आणा. लांबी पावलापेक्षा ५ सेंटीमीटर कमी झाली की बोटांकडचं कमी करायला लागा. वहिनी, तुझं इथेच चुकलं, टाच नाही चुकली. पाऊल लांब झालं म्हणून टाच वर ओढली गेली. उसवायचं तर फक्त टोकाकडून उसव, टाचेला हात लावू नकोस.

वहिनी (बी-१०४): म्हणजे अर्धा मोजा वाचला! आज आणते.

ताई (सी-३०३): टाच झिजते त्याचं काय? बाबांच्या मोज्यांना दर वर्षी तिथेच भोक.

माई (ए-२०१): टाच आणि अंगठ्याशी लोकरीबरोबर शिवणाचा बारीक नायलॉन धागा धरून विण. एवढ्याशा जागेत आणि लोकरीच्या पोटात असल्यानं त्याची भीती नाही.

दादा (डी-४०२): झाडणाऱ्या बाईंना कसे द्यायचे? त्या चपलेत असतात, साधा मोजा घातला की अंगठ्याची पट्टी बसत नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेला लाल लोकरीचा मोजा आहे, इसवी सन २५० ते ४२० च्या दरम्यानचा. त्यालाही अंगठा वेगळा काढलेला आहे, चपलेत घालता यावा म्हणून. तो आपल्यासारखा विणलेला नाही, एकाच सुईने गाठवत केलेला. फोटो पाहिल्यापासून मनातून जात नाही.

माई (ए-२०१): किती छान सांगितलंस रे. म्हणजे चपलेचा प्रश्न इतका जुना. आपणही अंगठ्याचे करू. करंगळीच्या मुळापर्यंत साधं विणायचं, मग अंगठ्याच्या बाजूचे २० टाके वेगळे धाग्यावर ठेवायचे. बाकीच्या ३६ मध्ये बेचक्यात ४ नवे घालून ४० वर बोटांची पिशवी पुरी करायची. नंतर ते २० सुयांवर घेऊन बेचक्यातून ४ उचलायचे आणि अंगठा विणायचा. डावा-उजवा विसरू नका, अंगठा आतल्या बाजूला. एकदा विसरलं की सगळं उसवणं आलं.

आजोबा (बी-२०२): मी विणत नाही, पण देण्यासारखं एक आहे. माझ्या वडिलांचा मरून रंगाचा स्वेटर, हातांनी विणलेला. दोन-चार ठिकाणी कसर लागली आहे. पेटीत ठेवून कुणाच्या उपयोगी नाही. उसवून चालेल का?

माई (ए-२०१): आजोबा, अगदी चालेल. कसरीच्या भोकांपाशी धागा तुटतो, तुकडे पडतात, ते टोकांना पट्ट्या म्हणून वापरू. मोठे धागे खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड्या करते. कोमट पाण्यात रिठ्याने धुऊन, खाली वजन टांगून सुकवल्या की वळ्या निघतात. मान आणि खांद्याचा तुकडा मात्र उसवत नाही. तो तुमच्याकडेच राहू द्या.

आजोबा (बी-२०२): दुपारी घेऊन येतो.

माई (ए-२०१): मोज्यांबरोबर भैयांना एवढं सांगायचंच: गरम पाणी नको, दगडावर आपटायचे नाहीत. खरी लोकर आटते, मग लेकराच्या पायातही जात नाही. पिळायचे नाहीत, टॉवेलात दाबून सावलीत पसरायचे.

मावशी (ए-३०४): संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून लोकरीच्या कानपट्ट्या लुटाव्या म्हणते. लोकरीचे उरलेले गुंडे संपतील. आज मी गजक आणते.

वहिनी (बी-१०४): कानपट्ट्या चालतील. पण मोजे आधी, मावशी.

दादा (डी-४०२): खाली जाऊन तिन्ही भैयांची पावलं वर्तमानपत्रावर काढून आणली. रात्रीचे भैया उभे राहायला संकोचत होते, म्हणाले टाचा फाटल्यात. त्यांचा घेर उजवा २३, डावा २४.५. डाव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलं आहे. बूट ७ नंबरचा.

माई (ए-२०१): उजव्याला ५६, डाव्याला ६०. वहिनी, डावा पूर्ण उसव, तो मी घेते. हाडापाशी नायलॉन नको, नुसती लोकर. आणि येताना कोकमचं तेल आण कुणीतरी, भेगांसाठी.