50 वेळा गोटी काढली: लाल 15 अपेक्षित, आल्या 19

प्रश्न:
पिशवीत 3 लाल, 7 पांढऱ्या गोट्या. एक काढायची, रंग लिहायचा, परत टाकायची, असं 50 वेळा. हिशोबाने लाल 15 हव्यात, आल्या 19. काही चुकतंय का? शिवाय मध्ये सलग 10 पांढऱ्या आल्या. त्यानंतर लाल येण्याची शक्यता वाढलेली धरायची का?

उत्तर 1:
15 ही सरासरी आहे. बरोबर 15 येण्याची संभाव्यता जेमतेम 12 टक्के, म्हणून भाकीत एका आकड्यात करूच नका. 50 × 0.3 × 0.7 = 10.5, याचं वर्गमूळ 3.24, हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचं माप. 15 च्या दोन्ही बाजूंना याची दुप्पट घेतली की 9 ते 21 हा पल्ला मिळतो आणि साधारण 95 टक्के वेळा निकाल त्यातच पडतो. 19 किंवा जास्त लाल येण्याची संभाव्यता 14 टक्के आहे. संशय घेण्याजोगं काही नाही.

उत्तर 2:
सलग पांढऱ्यांबद्दल: पिशवीत अजूनही तेच 3 आणि 7 आहेत, मग शक्यता बदलेल कशाने? 0.3 ची 0.3 च राहते. आधीच ठरवलेल्या 10 खेपांत सगळ्या पांढऱ्या येण्याची संभाव्यता 0.7 चा दहावा घात, म्हणजे 2.8 टक्के. पण 50 खेपांत कुठेतरी अशी रांग लागण्याची सुमारे 33 टक्के! रांग दिसल्यावर मागे जाऊन 2.8 चा हिशोब मांडतात, तिथेच घोळ होतो.

गोटी परत टाकली नाही तर मात्र गणित वेगळं. 5 काढल्या आणि एकही लाल नाही, याची संभाव्यता 21/252 (10 तून 5 निवडायच्या 252 रीती, त्यातल्या 21 मध्ये सगळ्या पांढऱ्या), म्हणजे 8.3 टक्के, परत टाकत गेलात तर 16.8.

प्रश्नकर्ता:
मग 200 वेळा काढल्यावर वरच्या 4 लाल भरून निघतील ना?

उत्तर 1:
नाही. उरलेल्या 150 खेपांत सरासरीने 45 च लाल येतील, म्हणजे एकूण 64. आधिक्य 4 च राहिलं. फक्त लालचं प्रमाण 38 टक्क्यांवरून 32 वर आलं.

उत्तर 3:
एक हाताची गोष्ट. परत टाकलेली गोटी वरच राहते. दर खेपेला पिशवी नीट हलवली नाही तर तीच पुन्हा हाती लागते, खेपा स्वतंत्र उरत नाहीत आणि वरची सूत्रं लागू पडत नाहीत. गोट्या एकाच मापाच्या आहेत ना, तेही बघा.