मदत हवी आहे : शॉकअप घरीच बदलावेत का? (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी,

गाडी दहा-अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, रीडिंग लाखाच्या पुढं. पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळकांड्यावर), मागं टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई). या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना असतं तेच. फिरणं परळी, लातूर आणि आठवड्याला शेतावर. आमच्या रस्त्यांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळं वरचं डांबर खड्डे पडायच्या आधीच लाटा धरतं. दिवाळीनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की उरलंसुरलं तेही जातं.

लक्षणं अशी. लाटेवरून गेलं की मागची बाजू दोन-तीनदा झुलते, मगच शांत होते. मागच्या उजव्या शॉकअपवर तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा थर बसलाय. पुढं डावीकडून हळू स्पीडला, बारीक खड्ड्यांत खडखड आवाज यायलाय. घरची सगळी बसली की गावातल्या स्पीडब्रेकरला पोट घासतं, ते वेगळंच.

एका मेस्त्रीनं सांगितलं, चारही शॉकअप टाकू, स्प्रिंगांत रबरी बफर बसवू, वर-खाली स्पेसर देऊन गाडी दीड इंच उचलू, "मग बघा कशी जीपसारखी चालते". दुसरे म्हणाले, आधी लिंक रॉड (गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडलेली छोटी दांडी) आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा हात) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बघा, शॉकअपचं नंतर. दोघंही अनुभवी आहेत, म्हणून जास्त गोंधळ.

मी ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड घरीच बदलतो. बोअरच्या मोटारी खोलायची सवय आहे, त्यामुळं पान्यांची भीती नाही. गोटी पान्यांचा सेट आहे, टॉर्क रेंच मित्राकडून मिळेल. जॅक मात्र गाडीसोबत आलेला कात्रीवालाच. अंगणात शहाबादी फरशी. पैसे वाचवणं हा एक भाग झाला, पण खरं सांगायचं तर नवीन बुश हातोड्यानं ठोकून बसवताना डोळ्यांनी बघितलाय, तेव्हापासून गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला मन होत नाही.

तर हे काम घरी करण्यासारखं आहे का? आणि गाडी उचलावी का?

प्रतिसाद १

आधी टायरची हवा तपासा. पंक्चरवाले विचारत नाहीत, सरसकट 40 पीएसआय भरून देतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किती लिहिलीय ते बघा आणि सकाळी टायर थंड असताना तेवढीच ठेवा. धक्के तिथंच बरेच कमी होतील. तेल गळणारा शॉकअप मात्र गेलाच, त्यात चर्चा नको.

प्रतिसाद २

दादा, तुमचे दोन्ही मेस्त्री आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तुमच्या गाडीत दोन वेगळे आजार आहेत. मागचं झुलणं शॉकअपचं. पुढची हळू स्पीडची खडखड बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची निघते. पुढची दोन्ही चाकं सारखी उचलून स्टँडवर ठेवा, लिंक रॉड हातानं धरून हलवा, ढिला असला तर लगेच कळतं. दोन नटांचा खेळ आहे, घरी होतो. बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) आणि आर्मचा बुश टॉमीनं हलवून बघा. बुशचं रबर फाटलं असेल तर आर्म काढून प्रेसवर बसवून आणायचा. हातोडा नको हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

मागचे शॉकअप घरी बदला, खुशाल. टॉर्शन बीमला सहसा स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, म्हणून काम सोपं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मागची बाजू उचलल्यावर हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. बीमखाली जॅकचा आधार दिल्याशिवाय शॉकअपचा बोल्ट काढू नका. बीमला खाली लटकण्यापासून शॉकअपच अडवून धरतो. तो सुटला की बीम खाली येतो, स्प्रिंग जागेवरून निसटते आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो.

शॉकअप जोडीनंच बदला, डावा नवा आणि उजवा जुना असं नको. नवीन नग खोक्यात आडवा पडून आलेला असतो, तेव्हा उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडा, आतली हवा वर निघून जाते. आणि बुशमधून जाणारा बोल्ट हवेत असताना फक्त हातानं लावा. शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच द्यायचा. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. घाईत काम करणारे नेमकं हेच टाळतात, आणि मग पार्टला शिव्या बसतात.

आता फरशी. शहाबादी फरशीवर जॅक लावू नका. खाली माती भरलेली असते, सगळा भार एका बिंदूवर आला की फरशी तडकते आणि जॅक तिरका होतो. काळ्या मातीवर तर विचारूच नका. काँक्रीटची जागा शोधा, दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे पक्के आधार) विकत घ्या. कात्रीवाला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आपल्याकडं एक बरं आहे, कोकणासारखा गंज नसतो. बोल्टवर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवला तर सुटतात.

प्रतिसाद ३

पुढच्या स्ट्रटबद्दल लिहितो, कारण जीव जातो तो तिथं. बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या टोकाला मधोमध एक मोठा नट दिसतो. तो स्प्रिंग दाबून बांधल्याशिवाय कधीही खोलायचा नाही. आतली स्प्रिंग गाडीचा भार पेलण्याइतकी दाबलेली असते, सुटली तर बंदुकीसारखी उडते. बाजारात दोन हुकांचे स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतात, पहिल्या कामाला ते वापरू नका. मधला मार्ग आहे : आजूबाजूचे नट आणि खालचे दोन बोल्ट काढून अख्खा स्ट्रट घरी बाहेर काढा, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आधी क्लिपमधून सोडवा. मग स्ट्रट घेऊन वर्कशॉपला जा. मोठ्या कॉम्प्रेसरवर स्प्रिंग दाबून तुमच्या डोळ्यांसमोर आतला शॉकअप बदलून मिळेल. त्याच वेळी वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शेवटचा धक्का अडवणारा रबर) आणि धुळीचं कव्हर नवं घाला. खालच्या बोल्टची जागा काढण्याआधी खुणेनं आखून ठेवली तरी नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते, नाहीतर टायर एका बाजूनं खाल्ला जातो.

उचलायचं डोक्यातून काढा. दीड इंचानं ड्राइव्हशाफ्टचे (इंजिनची ताकद चाकांना देणारे दांडे) जॉइंट तिरके चालतात, चाकांचे कोन बिघडतात, वळणावर गाडी जास्त कलते. बफर टाकला की स्प्रिंगचा एक वेढा बांधला जातो, गाडी कडक होते आणि त्या लाटा जास्तच जाणवतात. कायदाही आहे : मोटार वाहन कायद्याचं कलम 52. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्पष्ट केलंय. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हेच पुढं करतात.

पोट घासण्याचं म्हणाल तर मागच्या स्प्रिंगा बसल्यात का ते आधी मोजा. सपाट जागी, रिकाम्या गाडीची, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची दोन्हीकडं घ्या आणि त्याच मॉडेलच्या कमी चाललेल्या गाडीशी ताडून बघा. बसल्या असतील तर कंपनीच्याच मापाच्या नवीन स्प्रिंगा टाका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हवा तपासली, 38 निघाली, स्टिकरवर 30 आहे. लिंक रॉड डावा ढिलाच आहे, हातानं हलतो.

ठरलं असं : लिंक रॉड आणि मागचे शॉकअप मी करणार, पुढचे स्ट्रट काढून लातूरला नेणार, बफर-स्पेसर बाद. काँक्रीटची जागा चुलत्यांच्या दाल मिलच्या शेडमध्ये मिळतेय, तुरीचा हंगाम सुरू व्हायच्या आत उरकावं लागेल. मागच्या बाजूची उंची दोन्हीकडं सारखी आहे, पण शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षा बोटभर कमी भरते. त्यांची गाडी सीएनजीची आहे, मागं टाकी. मग ही तुलना चालेल का, की दुसरी पेट्रोल गाडी शोधू?

प्रतिसाद ४

नाही चालणार. टाकीच्या वजनानं त्यांची मागची बाजू दबलेली असू शकते, पण कंपनीच्या सीएनजी गाडीला मागं कडक स्प्रिंगाही असू शकतात. त्यामुळं त्यावरून तुमच्या स्प्रिंगा बसल्यात असं नक्की म्हणता येत नाही, दुसरी पेट्रोल गाडी मोजून बघा. बसल्या निघाल्या तर शॉकअपसोबत त्याही मागवा, शॉकअप सुटलेलेच असतात, बीम जॅकवर हळू खाली घेतला की झालं, फारशी वेगळी मेहनत नाही.